पहिलं जॅकेट शिकवताना: मांजरपाटापासून बाहीपर्यंतचा क्रम

दर वर्षी परीक्षेच्या टेबलावर तेच दिसतं. नमुन्यांची फाइल देखणी असते. तुरपाई एकसारखी, काज नेटके, बोन पॉकेटचे (कापडाला छेद देऊन केलेल्या खिशाचे) कोपरे टोकदार. शेजारीच त्याच मुलीने शिवलेलं जॅकेट टांगलेलं असतं. त्याची कॉलर मानेपासून सुटलेली, लॅपल (छातीवर उलटून पडणारी पुढची घडी) पुठ्ठ्यासारखं ताठ, बाहीच्या माथ्यावर चुण्या. म्हणजे टाके येतात, पण कोणतं काम कशाच्या आधी करायचं ते येत नाही. हा दोष मुलींचा नाही, आपल्या शिकवण्याच्या क्रमाचा आहे. आधी सगळे सुटे नमुने उरकायचे आणि मग कपडा हातात घ्यायचा, अशी पद्धत मीही ठाण्यातल्या माझ्या वर्गात काही वर्षं चालवली. आता एकच जॅकेट एका सत्रभर शिकवते. ज्या टप्प्याला जे तंत्र लागतं, त्याचा नमुना त्याच्या आदल्या दिवशी करून घेते, आणि एका टप्प्याची तपासणी झाल्याशिवाय पुढचा सुरू करू देत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत फॅशन डिझाइनचे वर्ग घेणाऱ्या, कूटूर पद्धतीचं (एकेकीच्या मापाने बेतून हाताने घडवलेल्या कपड्यांचं) हातकाम शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी तो क्रम इथे मांडते आहे.

## तयारी: पहिल्या तासाच्या आधी

एका शिक्षिकेमागे बारा विद्यार्थी ठेवा. पंचवीस असतील तर निदान फिटिंगचे आणि बाहीचे आठवडे दोन पाळ्यांत घ्या. त्या दोन टप्प्यांत प्रत्येकीच्या कपड्यासमोर उभं राहावंच लागतं, फळ्यावर शिकवून ते काम होत नाही.

कापण्याचं टेबल कंबरेच्या उंचीचं, साधारण 36 इंच हवं. मुली खाली वाकून कापायला लागल्या की कापड टेबलावरून उचललं जातं आणि रेघ सरकते.

इस्त्रीची उशी (गोलाईचे भाग जिच्यावर ठेवून दाबतात ती) विकत आणण्यापेक्षा वर्गात करून घ्या. सुताराकडून लाकडाचा बारीक भुसा आणा, उन्हात दोन दिवस वाळवा, आणि मोठ्या आंब्याच्या आकाराच्या जाड कापडी पिशवीत तो ठोकून ठोकून भरा. एका बाजूला सुती कापड, दुसऱ्या बाजूला लोकरी. उशी बोटाने दाबल्यावर खड्डा पडता कामा नये. पावसाळ्यात हीच उशी बंद कपाटात राहिली तर भुशाला बुरशी धरते, म्हणून ती बाहेर हवेशीर ठेवा.

आता कापड. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण मुली स्वस्तातलं पॉलिस्टर सुटिंग घेऊन येतात. "मॅडम, आपल्या हवेत लोकरीचं जॅकेट घालणार कोण?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो रास्तच आहे. मी सांगते, हे जॅकेट घालायला कमी आणि शिकायला जास्त आहे. लोकर वाफेने आकसते, ताणते, उशीवर वळण घेते. पॉलिस्टर यातलं जवळजवळ काहीच करत नाही. बाहीच्या माथ्यावरचा जादा घेर वाफेने जिरवायला पॉलिस्टरवर शिकवताच येत नाही. हलक्या वजनाची, साध्या विणीची शुद्ध लोकर घ्या. 58 इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर पुरतं.

तपासणी: मुंबईच्या मंगलदास मार्केटला जाणाऱ्या मुलींना आधी चिंधी मागून घ्यायला सांगा. वर्गात आणून दोन धागे जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. खात्री झाली की मगच पूर्ण कापड घ्यायचं.

मांजरपाट भिवंडीच्या मागांचा सहज मिळतो. प्रत्येकीला सहा मीटर लागेल असं धरा, कारण टॉइल, म्हणजे मांजरपाटाचा चाचणीचा कपडा, एकदाच होत नाही. आतल्या घडणीसाठी हेअर कॅनव्हास (प्राण्यांचे केस विणलेलं ताठ, लवचीक कापड) हवा. दुकानदार "हेच चालतं" म्हणत चिकट फ्युजिंग हातात ठेवतो, ते घेऊ नका. सुया, अस्तर, बटणं, कच्च्या शिलाईचा सुती दोरा हे सगळं ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत होतं.

## टप्पा 1: सुई धरणारा हात

या टप्प्याला पूर्ण दोन आठवडे द्या. मुली कुरकुरतात, मशीनकडे बघत राहतात, तरी द्या.

पहिल्याच दिवशी सुईच्या नंबरांचा घोळ सोडवा. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचं उलटं असतं, 16 नंबर 11 पेक्षा जाड. हे कोणी स्पष्ट सांगत नाही, मग मुली लोकरीवर जाडजूड सुई चालवतात आणि भोकं पाडतात. हातकामाला 9 किंवा 10 नंबर द्या.

दोरा हाताच्या कोपरापर्यंत पुरेल एवढाच, साधारण 18 ते 20 इंच. रिळावरून जे टोक आधी निघालं ते सुईत ओवायचं आणि कापलेल्या टोकाला गाठ मारायची. म्हणजे दोरा कमी गुंततो. कायमच्या टाक्यांसाठी दोरा मेणावरून ओढायचा आणि कागदाच्या घडीत ठेवून वरून इस्त्री फिरवायची.

अंगुस्तान (सुई ढकलायला बोटात घालायचं धातूचं कवच) मधल्या बोटात. शिंप्याच्या अंगुस्तानाला टोपी नसते, सुई बोटाच्या बाजूने ढकलायची असते. तीन दिवस सगळ्यांना ते अडचणीचं वाटतं, चौथ्या दिवशी ते काढलं तर हात अडतो. तोपर्यंत सवलत देऊ नका.

टाके सहाच शिकवा: कच्चा टाका, उलटी टीप, तुरपाई, लपवा टाका, हेरिंगबोन (एकमेकांना छेदणारे तिरपे टाके) आणि पॅड टाका (कॅनव्हास कापडाला धरून ठेवणारा). सराव रेघांच्या किंवा चौकड्यांच्या सुती कापडावर घ्या. रेघ आपोआप माप दाखवते.

डावखुऱ्या मुलीला शेजारी बसवून शिकवू नका, समोर बसवा. तुमचा उजवा हात तिला आरशासारखा दिसतो. हेरिंगबोन आपण डावीकडून उजवीकडे घालतो, तिला उजवीकडून डावीकडे घालू द्या.

तपासणी: तुरपाईचा नमुना सुलट बाजूने खिडकीच्या उजेडात धरा. टाका दिसला तर सुईने कापडाचा एकच धागा उचललेला नाही. पुन्हा.

## टप्पा 2: मांजरपाटाचं टॉइल

मांजरपाटाला खळ असते. ते धुऊन, वाळवून, उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करूनच वापरायचं. न धुतलेल्या मांजरपाटावर फिटिंग घेतलं तर खळीचा ताठरपणा अंगाचा आकार लपवतो आणि सगळं छान बसल्यासारखं दिसतं.

काठाजवळ आडवा धागा ओढून कापड सरळ आहे का बघा. तिरकं असेल तर दोघींनी उरेब (तिरप्या) दिशेला धरून ओढून सरळ करायचं. मग प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने उभा धागा, छातीची रेघ आणि कंबरेची रेघ आखायची. फिटिंगच्या वेळी याच रेघा बोलतात. सगळीकडे एक इंच मार्जिन ठेवा, गळ्याला अर्धा इंच. टीप मोठी मारा, म्हणजे उसवायला सोपी जाते.

थांबा: दोन्ही पुढचे भाग एकाच बाजूचे कापले गेलेले दर बॅचमध्ये निघतात. कापण्याआधी दोन्ही तुकड्यांवर "उजवा" आणि "डावा" लिहून घ्या.

## टप्पा 3: अंगावर फिटिंग

डमीवर फिटिंग शिकवू नका. डमीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, माणसाच्या नसतात. जोड्या लावा आणि प्रत्येकीला शेजारणीच्या मापाचं जॅकेट शिवायला द्या. माझ्या वर्गात एकीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. तिच्या जोडीदारणीने उजव्या बाजूला बगलेखाली पडणारी तिरपी घडी तीनदा बगलेतूनच चिमटीत धरून टाचली आणि तीनदा ती घडी परत आली. चौथ्यांदा तिला मी खांद्याची शिलाई उसवायला लावली. कापड आपणहून अर्धा इंच खाली बसलं आणि घडी गेली. वर्गातल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि त्या सत्रात मला सुरकुती वाचण्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

फिटिंगचा क्रम असा ठेवा:

1. एक मिनिट टाचणीला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. आखलेल्या आडव्या रेघा जमिनीला समांतर आहेत का? उभी रेघ सरळ लोंबते आहे का?
2. आधी खांदा आणि मान. सगळा कपडा इथून लोंबतो.
3. मग छाती. डार्टचं (आकार देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या चिमटीचं) टोक जागेवर आहे का, कापड कुठे ओढलं जातंय?
4. मग कंबर आणि बाजू.
5. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर. हात वर करायला लावा, लोकलमध्ये कडी धरतो तसा. सगळा कपडा हाताबरोबर वर गेला तर मुंढा फार खाली कापला आहे.
6. लांबी आणि बाही सर्वांत शेवटी.

ताणलेली, टोकदार सुरकुती अडचणीच्या जागेकडे बोट दाखवते, तिथे कापड कमी पडतंय. मऊ, लोंबती घडी म्हणजे झोळ, तिथे कापड जास्त आहे. मुली झोळ काय, ओढ काय, सगळ्याला बाजूच्या शिलाईत चिमटा घेतात. ही या टप्प्यातली सर्वांत घट्ट बसलेली सवय आहे आणि ती मोडायला वेळ लागतो.

मूळ रेघ निळ्या पेनाने, दुरुस्ती लाल पेनाने करा. मग टॉइल पूर्ण उसवून, इस्त्री करून, दुरुस्त्या पेपर पॅटर्नवर उतरवा.

थांबा: कुठेही अर्ध्या इंचापेक्षा मोठा बदल झाला असेल तर दुसरं टॉइल करायला लावा. "खऱ्या कापडात बघून घेऊ" हे ऐकून घेऊ नका.

## टप्पा 4: खरं कापड बेतणं आणि रेघा धाग्याने उठवणं

लोकर कापण्याआधी ओल्या फडक्यातून वाफ देऊन आकसवून घ्या. सपाट पसरून पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात याला एक रात्र पुरत नाही.

कापड एकेरी पसरून, एक इंच किंवा जास्त मार्जिन ठेवून कापा. मग प्रत्येक शिलाईची रेघ, डार्ट, लॅपलच्या वळणाची रेघ, खिशाची जागा हलक्या रंगाच्या सुती कच्च्या दोऱ्याने उठवा. म्हणजे उलट बाजूची खूण सुलट बाजूलाही दिसते. या कामाला पूर्ण दिवस जातो. खडू पुसला जातो, कार्बन कागदाचा डाग लोकरीतून निघत नाही, त्यामुळे दुसरा मार्ग शोधू नका.

आणि याच दिवशी ती गोष्ट ठसवा, जिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. कारखान्यात कापलेल्या कडा जुळवतात, कारण मार्जिन सगळीकडे एकसारखं असतं. इथे आपण धाग्याची रेघ रेघेवर ठेवतो, कड कुठे का असेना. कामाचा थोडा अनुभव घेऊन आलेल्या मुली हमखास कडेला कड लावून टाचतात आणि मग फिटिंगमध्ये मिळवलेलं सगळं एका टिपेत घालवतात. मी या टप्प्याच्या सुरुवातीला मुद्दाम मार्जिन वेडंवाकडं कापायला लावते. कडा जुळेनाशा झाल्या की नजर आपोआप रेघेकडे वळते.

तपासणी: टाचणी टोचून दुसऱ्या बाजूने बघा. टोक समोरच्या रेघेवर निघालं पाहिजे.

## टप्पा 5: डार्ट, बाजूच्या शिलाया, खिसे

हे कॅनव्हासच्या आधी. कॅनव्हास लावून झाल्यावर "खिसा राहिला" म्हणणारी एक तरी मुलगी असतेच.

डार्ट रुंद बाजूकडून टोकाकडे शिवा. शेवटचे तीन-चार टाके घडीच्या अगदी कडेवर, उलटी टीप न मारता, आणि दोरे हाताने गाठवा. बोन पॉकेटमध्ये कोपऱ्याकडे जाणारा तिरका छेद शेवटच्या टाक्याच्या एक धागा अलीकडे थांबतो. जास्त अलीकडे थांबला तर कोपऱ्यात चुणी, पुढे गेला तर भोक. चिंध्यांवर पाच खिसे झाल्याशिवाय जॅकेटवर कात्री नाही.

इस्त्रीची सवयही इथेच लावा. आधी शिलाई जशी आहे तशी दाबायची, मग उघडून उशीवर दाबायची. इस्त्री उचलायची आणि ठेवायची, फिरवायची नाही. एक शिलाई दुसरीला छेदण्याआधी पहिली दाबून झालेली हवी.

## टप्पा 6: कॅनव्हास आणि लॅपल

कॅनव्हास भिजवून, वाळवून घ्या. पुढच्या भागाच्या उलट बाजूला तो मधून बाहेर, वरून खाली कच्च्या टाक्यांनी बसवा, टेबलावर सपाट. शिलाईच्या मार्जिनमधला कॅनव्हास कापून टाकायचा, नाहीतर कड जाड होते.

लॅपल जिथे वळतं त्या रेघेच्या किंचित आत, अंगाकडच्या बाजूला, सुती पट्टी लावा. ही पट्टी त्या रेघेपेक्षा पाव ते तीन अष्टमांश इंच आखूड ठेवायची आणि तेवढं कापड छातीच्या जागी हलकेच जिरवायचं. त्याने जॅकेट छातीला बिलगतं, तोंड वासत नाही.

आता पॅड टाका. बहुतेक ठिकाणी तो टेबलावर सपाट ठेवून शिकवतात आणि पुठ्ठ्यासारखं लॅपल तिथूनच येतं. लॅपल डाव्या हाताच्या तर्जनीवर वळवून धरायचं, जसं ते पुढे अंगावर वळणार आहे तसं. कॅनव्हास आपल्याकडे, लोकर बोटाला. सुईने लोकरीचा एखाद-दुसरा धागाच उचलायचा. सुई खालच्या बोटाच्या कातडीला लागल्याची जेमतेम जाणीव झाली की ती बरोबर खोलीवर आहे. दोरा ओढून घट्ट करायचा नाही. ओळी वळणाच्या रेघेला समांतर, वर जाताना आणि खाली येताना कापड न फिरवता. वळणाजवळ टाका सुमारे एक सेंटिमीटरचा, टोकाकडे अर्ध्याचा. टोक किंचित आत वळायला हवं, म्हणून तिथे टाके दाट.

कळव्याहून येणाऱ्या एका मुलीचे टाके सुंदर होते, मोजून घातलेले, तरी लॅपल उभंच राहायचं. मी तिच्या मागे उभी राहून बघितलं. ती दर चार टाक्यांनी काम सपाट करून ओळ सरळ आहे का ते तपासत होती. प्रत्येक वेळी बोटावरचं वळण मोडत होतं. पुढचं लॅपल तिने एकदाही टेबलावर न टेकवता पूर्ण केलं. ओळी थोड्या वाकड्या आल्या, पण लॅपल मऊ वळलं. वाकड्या ओळी आत झाकल्या जातात.

तपासणी: पुढचा भाग डमीला टाचा आणि हात काढून घ्या. लॅपल इस्त्रीशिवाय आपोआप वळून पडलं पाहिजे. पडत नसेल तर उसवा. इस्त्रीने दाबून बसवू देऊ नका, ते दोन दिवसांत परत उठतं.

कॉलरचंही असंच. खालची कॉलर उरेब कापडाची, तिच्यावर कॅनव्हास, बोटावर वळवून पॅड टाके. कॉलर पूर्ण झाल्यावरच बाहीकडे वळायचं.

## टप्पा 7: बाही

बाहीचा माथा आणि मुंढा, दोन्हीची शिलाईची रेघ टेप उभी धरून मोजा. लोकरीत माथा एक ते दीड इंच जास्त हवा. यापेक्षा बराच जास्त आला तर पॅटर्नकडे परत जा, दोऱ्याने ओढून तो बसणार नाही.

माथ्यावर हाताने धावदोऱ्याच्या दोन बारीक ओळी घाला, एक रेघेवर, एक तिच्या बाहेर. ओढून मुंढ्याएवढं करा. जादा कापड माथ्याच्या पुढच्या आणि मागच्या उतारावर वाटायचं. बगलेखालच्या भागात काहीच नाही. मग उशीच्या टोकावर माथा ठेवून, कडेच्या अर्ध्या इंचातच वाफ द्या. चुण्या डोळ्यांदेखत विरतात. प्रत्येक मुलीला हे स्वतःच्या हाताने करू द्या.

बाही कच्च्या टाक्यांनी बसवून अंगावर घाला. हात सैल सोडला की उभा धागा सरळ लोंबला पाहिजे आणि बाही किंचित पुढे झुकली पाहिजे. तिरपी ओढ दिसली तर बाही उसवून मुंढ्यात थोडी फिरवा, पाव इंचानेही फरक पडतो. दोन्ही बाह्या एकाच मापाने फिरवू नका, अंगाच्या दोन बाजू वेगळ्या आहेत.

थांबा: दोन तुकड्यांच्या बाहीत उजवी-डावी अदलाबदल सहज होते. कोपराची शिलाई मागे जाते. बाहीच्या आत लेबल टाचून ठेवा.

पक्की शिलाई हाताने उलट्या टिपेने करा, किंवा मशीनवर बाहीची बाजू वर ठेवून. त्यानंतर माथ्याच्या आत उरेब लोकरीची पट्टी, मग पातळ खांद्याचा पॅड.

## टप्पा 8: अस्तर, हेम, काज

इथवर नीट आलेल्या मुलीला हे जड जात नाही. अस्तर पाठीच्या मध्यावर एक इंचाची मोकळी घडी ठेवून बेता, नाहीतर हात पुढे केल्यावर अस्तर बाहेरच्या कापडाला ओढतं. खालच्या कडेला हेरिंगबोन, अस्तराला लपवा टाका. काज चिंधीवर दहा झाल्यावर जॅकेटवर. स्त्रियांच्या जॅकेटला उजवी बाजू वर येते, पुरुषांच्या डावी. काज कापण्याआधी हे मोठ्याने म्हणायला लावा.

शेवटी कच्चे टाके काढताना लांब दोरा एकदम ओढू नका. दर दोन-तीन इंचांवर कापून तुकडे उचला, नाहीतर लोकरीचा धागा सोबत ओढला जातो. आतल्या बाजूने शेवटची इस्त्री, मग रुंद खांद्याच्या हँगरवर एक रात्र.

टॉइल कोणालाही फेकू देऊ नका. लाल-निळ्या रेघांसकट त्याची घडी पेपर पॅटर्नच्या पाकिटात जाते, वर नाव, तारीख आणि जोडीदारणीची मापं लिहून. दुसरं जॅकेट त्या पाकिटापासून सुरू होतं.